हातकुऱ्हाड कशासाठी? दगडाच्या एका घाटाभोवतीच्या वादाचा आढावा

नेवाशाजवळ, प्रवरेच्या काठी चिरकी येथे गुड्रून कॉर्व्हिनस यांनी १९६६ ते १९६९ या काळात उत्खनन केले. जुन्या खड्या-गोट्यांच्या थरातून दख्खनच्या काळ्या दगडाची अवजारे मोठ्या संख्येने निघाली. त्यांतल्या कित्येकांचा घाट ओळखीचा होता. एक टोक निमुळते, दुसरे जाड आणि जड. दोन्ही अंगांनी छिलके उडवून दगड पातळ केलेला, आणि कडेने धार. पुरातत्त्वज्ञ या अवजाराला हातकुऱ्हाड म्हणतात. असाच घाट तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला मिळतो, केनियात ओलोर्गेसायलीला मिळतो, इस्राएलमध्ये, स्पेनमध्ये आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बॉक्सग्रोव्हलाही मिळतो.

आतापर्यंत सापडलेल्या सर्वांत जुन्या हातकुऱ्हाडींपैकी काही केनियातल्या तुर्काना सरोवराच्या पश्चिमेकडच्या कोकिसेले येथील आहेत. त्यांचे वय सुमारे १७.६ लाख वर्षे आहे. भारतात राजस्थानच्या सिंगी तलाव या स्थळी असली अवजारे १ लाख ७७ हजार वर्षांपूर्वीपर्यंत बनत होती, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनातून दिसले. म्हणजे पंधरा लाख वर्षांहून अधिक काळ, तीन खंडांत, एकाहून अधिक मानवजातींच्या हातांनी हे अवजार घडवले. माणसाने ठरावीक घाटात बनवलेली दुसरी कोणतीही वस्तू बहुधा इतका काळ टिकलेली नाही.

तरीही या अवजाराचे काम काय होते, याचे सर्वमान्य उत्तर नाही. त्याला दांडा बसवत असल्याचा पुरावा नाही. अनेक नमुन्यांत धार सगळ्या कडेने फिरते, अगदी जिथे मूठ आवळावी लागेल तिथेही. काही इतके लहान आहेत की मुठीत दिसेनासे व्हावेत, तर काही दोन्ही हातांनी उचलावे लागतील इतके मोठे. शिवाय साध्या कापाकापीला जेवढा घाट पुरेल त्यापेक्षा अधिक मेहनत काहींवर घेतलेली दिसते. गेल्या दोनशेहून अधिक वर्षांत या कोड्याची अनेक उत्तरे पुढे आली. त्यांतली काही पुराव्याने बळकट झाली, काही मागे पडली आणि काही अजून अधांतरी आहेत.

वीज, युद्ध आणि हत्तीची हाडे

ही वस्तू माणसाने घडवली आहे, हेच आधी ठरायला वेळ लागला. युरोपात शतकानुशतके असे दगड विजेबरोबर आकाशातून पडतात अशी समजूत होती. फ्रेंच चित्रकार झाँ फुके याने १४५५च्या सुमारास रंगवलेल्या एका जोडचित्रात संत स्टीफनच्या हातातल्या पुस्तकावर एक टोकदार दगड ठेवलेला आहे. २०२३ मध्ये संशोधकांच्या एका गटाने त्या दगडाचा घाट, रंग आणि पृष्ठभागावरचे छिलक्यांचे व्रण खऱ्या हातकुऱ्हाडींशी ताडून पाहिले आणि तो हातकुऱ्हाडच असावा असा अंदाज मांडला. तो बरोबर असेल, तर या अवजाराचे अर्थ लावण्याचा सिलसिला विज्ञानापेक्षा बराच जुना ठरतो.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या ग्रेज इन लेनजवळ जॉन कॉनियर्स यांना हत्तीच्या अवशेषांसोबत एक टोकदार चकमकीचा दगड सापडला. जॉन बॅगफर्ड यांनी १७१५ मध्ये त्याचा खुलासा केला तो असा: हत्ती रोमन सम्राट क्लॉडियसच्या फौजेचा आणि दगड त्याच्याशी लढणाऱ्या कुणा ब्रिटनवासीयाचे शस्त्र. लंडनच्या मातीत हत्ती कुठून आला, या प्रश्नाला त्या काळी मिळू शकणारे हे सर्वांत समंजस उत्तर होते. १७९७ मध्ये जॉन फ्रेअर यांनी सफोकमधल्या होक्स्न गावच्या विटांच्या खाणीतून मिळालेले नमुने लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजकडे पाठवले. धातू माहीत नसलेल्या लोकांची ही युद्धाची हत्यारे असावीत आणि ती आजच्या जगाच्याही पलीकडच्या काळातली असावीत, असे त्यांनी सोबतच्या पत्रात सुचवले. ते पत्र १८०० मध्ये छापले गेले आणि अर्धे शतक दुर्लक्षित राहिले.

चित्र पालटले ते १८५९ मध्ये. फ्रान्समधल्या सोम नदीच्या खोऱ्यात झाक बूशे द पेर्त वर्षानुवर्षे लुप्त प्राण्यांच्या हाडांबरोबर मिळणारी दगडी अवजारे गोळा करत होते. त्या वर्षी जोसेफ प्रेस्टविच आणि जॉन इव्हान्स यांनी तिथे जाऊन थर पाहिले आणि माणूस खरोखरच इतका प्राचीन आहे, यावर शिक्कामोर्तब केले. पुढे तिथल्याच सेंट अश्यूल या ठिकाणावरून या अवजार-परंपरेला अश्यूलियन हे नाव पडले. चारच वर्षांनी, ३० मे १८६३ रोजी, रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम येथे असेच अवजार मिळाले. त्याच वर्षी विल्यम किंग यांच्यासह ते अत्तिरमपक्कमला पोचले.

या सगळ्या काळात अवजाराच्या कामाविषयी फारशी चौकशी झाली नाही. टोक आहे, धार आहे, म्हणजे शस्त्र किंवा कुऱ्हाड, असे मानून सगळे पुढे गेले. आकारावरून काम ओळखण्याची ही सवय नंतरही सुटली नाही, आणि या वादातल्या बऱ्याच अडचणी तिच्यातून निर्माण झाल्या आहेत.

धारेवर उरलेल्या खुणा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दगडाच्या धारेकडे सूक्ष्मदर्शकातून पाहण्याची पद्धत रुजली. मांस, हाड, लाकूड, चामडे यांवर धार चालली की तिच्यावर वेगवेगळ्या प्रकारची झिलई चढते, बारीक ओरखडे उठतात आणि कडेचे कण उडतात. लॉरेन्स कीली यांनी नव्या दगडी अवजारांनी ही कामे स्वतः करून पाहिली आणि उमटलेल्या खुणा प्राचीन नमुन्यांशी ताडल्या. १९८० मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी तपासलेल्या होक्स्नच्या हातकुऱ्हाडींवर मांस कापल्याच्या खुणा होत्या. फ्रेअर यांनी ज्या गावची अवजारे युद्धासाठी घडवलेली मानली होती, त्याच गावच्या अवजारांनी खाटकाच्या कामाची साक्ष दिली.

त्याच सुमारास पीटर जोन्स यांनी टांझानियात ओल्डुवाई येथे प्राणी सोलण्या-कापण्याचे प्रयोग केले. लहान छिलक्याची धार तीक्ष्ण असते खरी, पण तो बोटांच्या चिमटीत धरावा लागतो आणि हात लवकर दमतो. मोठे जनावर असेल तर वजनदार, लांब धारेची हातकुऱ्हाड सरस ठरते, असे त्यांच्या कामातून दिसले. निकोलस टॉथ आणि कॅथी शिक यांनी नैसर्गिकरीत्या मेलेल्या हत्तींवर दगडी अवजारे चालवून पाहिली. हत्तीचे कातडे जाड असूनही दगडाने फाडता येते, हे त्यातून स्पष्ट झाले.

या मताला सर्वांत जिवंत आधार मिळाला तो बॉक्सग्रोव्हमध्ये. तिथे सुमारे ५ लाख वर्षांपूर्वीची जमीन जशीच्या तशी गाळाखाली दबली गेली. मार्क रॉबर्ट्स यांच्या नेतृत्वाखालील उत्खननात एका घोड्याचे अवशेष मिळाले. हाडांवर कापल्याच्या खुणा होत्या आणि भोवती चकमकीच्या छिलक्यांचे लहान लहान ढीग. अवजार घडवणारा जिथे बसला, तिथेच ते पडून राहिले होते. छिलके एकमेकांना जुळवून पाहिले तेव्हा मधोमध जी पोकळी उरली, ती हातकुऱ्हाडीच्या आकाराची होती. अवजार मात्र तिथे नव्हते. ते कुणीतरी बरोबर नेले होते. घोडा कापायला अवजार जागेवर बनवले आणि काम संपल्यावर टाकून न देता जवळ ठेवले, एवढी तपशीलवार घटना पाच लाख वर्षांनी वाचता यावी, ही पुरातत्त्वाची फार मोठी कमाई आहे.

इस्राएलमधल्या रेवादिम येथून २०१५ मध्ये आणखी थेट पुरावा आला. नताल्या सोलोडेंको आणि सहकाऱ्यांना एका हातकुऱ्हाडीवर आणि एका तासणीवर प्राण्याच्या चरबीचे अंश सापडले. त्याच स्थळी हत्तीच्या बरगडीवर कापल्याच्या खुणाही आहेत.

पण सगळा पुरावा मांसाकडेच बोट दाखवत नाही. टांझानियातल्या पेनिंज येथील सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या हातकुऱ्हाडींच्या धारेवर बाभळीच्या जातीच्या झाडांचे सिलिकाकण मिळाल्याचे मानुएल दोमिंगेस-रोद्रिगो आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडले. असे कण मातीतूनही चिकटू शकतात, म्हणून त्यांनी आसपासच्या मातीशी तुलना केली. त्यांचा निष्कर्ष लाकूडकामाचा होता. झांबियातल्या कालांबो धबधब्याजवळ खाचा पाडून एकमेकांत बसवलेले दोन ओंडके मिळाले आणि त्यांचे वय ४ लाख ७६ हजार वर्षे असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले, तेव्हा लाकूडकामाचा पक्ष आणखी वजनदार झाला. जर्मनीतल्या शोनिंगेनचे लाकडी भाले त्यानंतरचे आहेत, पण कोणत्याही भाल्याला आधी लाकूड तासणारी दगडी धार लागतेच.

मांस आणि लाकूड ही उत्तरे एकमेकांना छेद देतात असे मानण्याचे कारण नाही. कोकणातल्या घरातला कोयता नारळ सोलतो, फांदी छाटतो, बांबू चिरतो आणि वेळ आली तर मासळीचे डोकेही उडवतो. त्याचे काम कोणते, असे एकवचनी विचारले तर उत्तर देता येणार नाही. बहुतेक अभ्यासक आज हातकुऱ्हाडीकडे असेच बहुकामी अवजार म्हणून पाहतात.

मात्र या पुराव्याचा पाया अरुंद आहे. झिलई आणि ओरखडे टिकतात ते बारीक कणांच्या दगडावर, आणि तेही तो पाण्यात घासला गेला नसेल, ऊन-पावसाने खवला नसेल तरच. जगभरात मिळालेल्या हातकुऱ्हाडींच्या तुलनेत अशा तपासणीला उतरलेल्या हातकुऱ्हाडी अगदी थोड्या आहेत. त्यांतल्या काहींनी मांस कापले हे पक्के. उरलेल्यांविषयी तेच म्हणणे हा अनुमानाचा भाग आहे.

अवजार, की छिलके काढून उरलेला गाभा?

१९९३ मध्ये आयन डेव्हिडसन आणि विल्यम नोबल यांनी प्रश्नाच्या मुळावरच बोट ठेवले. आपण हातकुऱ्हाडीला तयार, संपूर्ण वस्तू मानतो. पण घडवणाऱ्याला हवे होते ते तिच्यापासून निघणारे धारदार छिलके असतील तर? तसे असल्यास आपण संग्रहालयात मांडतो तो केवळ काम झाल्यावर उरलेला गाभा. शेवटी उरलेली वस्तू म्हणजेच ठरवून केलेली वस्तू, हे गृहीतक त्यांनी सदोष ठरवले.

हा आक्षेप पूर्णपणे उलटवता आलेला नाही, कारण हातकुऱ्हाडी घडवताना निघालेले छिलके वापरात होते, हे अनेक स्थळी दिसते. पण सगळ्या पुराव्याला तो लागूही पडत नाही. बॉक्सग्रोव्हला शिंगाच्या किंवा हाडाच्या मऊ हातोड्याने काढलेले छिलके इतके पातळ आहेत की त्यांचा स्वतंत्र उपयोग फारसा नसावा. त्यांचा हेतू दगड पातळ करण्याचाच दिसतो. आफ्रिकेत आणि भारतात तर हातकुऱ्हाडी बऱ्याचदा मोठ्या छिलक्यावरच घडवलेल्या आहेत आणि काही अगदी मोजक्या घावांत पुऱ्या झालेल्या आहेत. तिथे छिलक्यांचा साठा मिळवणे हे उद्दिष्ट मानणे कठीण जाते.

शॅनन मॅकफेरन यांची मांडणी याला समांतर जाते, आणि तिचे परिणाम अधिक दूरवर पोचतात. धार बोथट झाली की पुन्हा छिलके काढून ती जागवायची. प्रत्येक वेळी अवजार लहान होते आणि त्याचा घाटही बदलतो. टोकदार आणि अंडाकार हे दोन वेगळे प्रकार नसून एकाच अवजाराच्या आयुष्यातले टप्पे असू शकतात. मार्क व्हाइट यांनी ब्रिटनमधल्या नमुन्यांतल्या फरकांचे कारण मूळ दगडाच्या आकारात आणि प्रतीत शोधले. या दोघांत मतभेद आहेत, पण एक बाब दोघांकडूनही शिकण्यासारखी आहे. आपल्या हाती येते ती टाकून दिलेल्या क्षणीची हातकुऱ्हाड. ज्या घाटावर इतकी चर्चा होते, तो वापराच्या भरातला घाट असेलच असे नाही.

फेकून मारण्याचे हत्यार?

सर्वसामान्य वाचकांपर्यंत सर्वांत वेगाने पोचलेली कल्पना ही. आयलीन ओब्रायन यांनी ओलोर्गेसायलीच्या एका मोठ्या हातकुऱ्हाडीची फायबरग्लासची प्रतिकृती करवून घेतली आणि थाळीफेकपटूंना ती फेकायला सांगितली. १९८१ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. प्रतिकृती सरासरी तीस मीटरच्या आसपास गेली, हवेत गिरक्या घेत गेली आणि बहुतेक वेळा धारेवर उतरली. विल्यम कॅल्विन यांनी या कल्पनेला पुढे नेले. पाणवठ्यावर जमलेल्या कळपात असा दगड भिरकावला तर नेम धरण्याची गरजच नाही, कुठले तरी जनावर लागेल आणि गोंधळात खाली पडेल. अनेक हातकुऱ्हाडी जुन्या पाण्याच्या कडेला का मिळतात, याचाही खुलासा त्यांना त्यात दिसला.

कल्पनेला एक वजन आहे. कडेने सगळीकडे धार का, हा प्रश्न ती थेट घेते. पण आक्षेप अधिक भारी पडले. जॉन व्हिटेकर आणि ग्रँट मॅकॉल यांनी २००१ मध्ये या मताची सविस्तर तपासणी केली आणि ते असंभाव्य ठरवले. कळपात भिरकावायला साधा गोटा चालत असताना इतकी घडाई कोण करील? धारदार कडा फेकणाऱ्याचाच हात कापते. बहुसंख्य हातकुऱ्हाडी प्रयोगातल्या नमुन्यापेक्षा बऱ्याच लहान आहेत. पाण्याच्या कडेला त्या मिळतात याचे सोपे कारण असे की गाळ तिथेच साचतो आणि वस्तू झाकून जपतो, आणि माणसेही पाण्याजवळच वावरतात. फेकता येते एवढ्यावरून फेकण्यासाठी बनवली असे ठरत नाही. प्रयोगातून शक्यता सिद्ध होते, सवय सिद्ध होत नाही. आज या मताचे समर्थक थोडे आहेत.

देखणेपणाचा प्रश्न

मांस कापले, लाकूड तासले, हे सगळे मान्य केले तरी काही हातकुऱ्हाडी खटकतातच. इंग्लंडमधल्या फर्झ प्लॅटची हातकुऱ्हाड ३० सेंटिमीटरपेक्षा लांब आहे. केंटमधल्या फ्रिंड्सबरी येथे सापडलेली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली हातकुऱ्हाड २९.६ सेंटिमीटरची. ती सहज धरून वापरणे कसे जमत असेल, असा प्रश्न उत्खनन करणाऱ्यांनीच उपस्थित केला. इतरत्र दोन बाजू इतक्या समतोल आहेत की मधोमध आरसा धरला तर फरक जाणवू नये. नॉरफोकमधल्या वेस्ट टॉफ्ट्सच्या हातकुऱ्हाडीत दगडातला जीवाश्म शिंपला घाटाच्या बरोबर मध्यावर आला आहे. घडवणाऱ्याने तो राखून घाव घातले, असे अनेकांना वाटते. योगायोग म्हणणारेही आहेत.

१९९९ मध्ये मारेक कोन आणि स्टीव्हन मिथेन यांनी धाडसी उत्तर दिले. मोराचा पिसारा जसा लांडोरीसाठी, तशी सुबक हातकुऱ्हाड जोडीदारासाठी. ती घडवायला दगडाची पारख लागते, हाताचे कसब लागते, एकाग्रता आणि दृष्टी लागते. म्हणून ती घडवणाऱ्याच्या गुणांचे प्रमाणपत्र ठरते. न वापरता टाकलेल्या हातकुऱ्हाडींच्या ढिगांचा आणि नको इतक्या मोठ्या नमुन्यांचा खुलासाही त्यातून होतो, असे त्यांचे म्हणणे.

यावरची चर्चा या क्षेत्राच्या निरोगी वळणाचे चांगले उदाहरण आहे, कारण मत मांडणाऱ्यांपैकी एक जण ते तपासण्याच्या कामातही सामील झाला. ॲना मॅकिन, रॉब हॉसफील्ड आणि मिथेन यांनी वेगवेगळ्या प्रमाणात समतोल असलेल्या प्रतिकृतींनी हरणे कापवून घेतली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की समतोलपणाने कापण्याच्या कामात फारसा फरक पडत नाही. म्हणजे समतोल साधण्याचे कारण निव्वळ उपयुक्ततेत सापडत नाही. पण ते प्रियाराधनात आहे, असेही त्यावरून ठरत नाही. पुढच्याच वर्षी मॅकिन यांनी एकाच कारणावर भर देण्याला स्वतंत्र लेखातून विरोध केला. २००९ मध्ये एप्रिल नोवेल आणि मेलनी चँग यांनी आणखी कठोर आक्षेप घेतले. अत्यंत समतोल हातकुऱ्हाडी समजतात तेवढ्या सर्रास नाहीत. त्या कोणत्या लिंगाच्या व्यक्तीने घडवल्या आणि कुणी पाहिल्या, हे कळायला मार्ग नाही. मग सिद्धान्त तपासायचा कसा? पेनी स्पिकिन्स यांनी वेगळी वाट सुचवली. नेटके काम हे जोडीदारासाठी नव्हे, तर सोबत्यांच्या विश्वासासाठी असेल. जो दगडावर इतका वेळ आणि काळजी खर्च करतो, तो माणसांचीही काळजी घेईल, असा संकेत. ही मांडणी मनाला भिडते, पण तीही पुराव्याच्या त्याच अडचणीत सापडते.

आकाराचे व्यावहारिक महत्त्वच मुळात किती, हे ॲलस्टर की आणि स्टीफन लायसेट यांनी मोठ्या प्रमाणावर मोजले. त्यांनी ५०० प्रतिकृती वापरून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. घाटातल्या फरकाने कापण्याच्या कार्यक्षमतेत पडणारा फरक अगदी थोडा निघाला. याचे परिणाम दोन्ही बाजूंना जातात. घाट कामातून घडला असे म्हणणाऱ्यांची अडचण होते, कारण बरेच घाट सारखेच चालतात. आणि घाट सौंदर्यासाठी होता म्हणणाऱ्यांनाही त्यातून थेट आधार मिळत नाही, कारण घडवणाऱ्याला मोकळीक होती एवढेच त्यातून कळते. मोकळीक असताना त्याने हाच घाट पुन्हा पुन्हा का निवडला, हे उरतेच.

स्पेनमध्ये अतापुएर्का डोंगरातल्या सिमा दे लोस ह्वेसोस या खड्ड्यात किमान २८ माणसांची हाडे मिळाली. त्यांचे वय सुमारे ४ लाख ३० हजार वर्षे. १९९८ मध्ये त्यांच्यात एकच दगडी अवजार सापडले, तांबूस क्वार्टझाइटची हातकुऱ्हाड. उत्खनन करणाऱ्यांनी तिला एक्सकॅलिबर हे नाव दिले आणि ती मृतांबरोबर अर्पण केली असावी असा अर्थ लावला. ती अपघाताने आत पडली असेल, असे मानणारे अभ्यासकही आहेत. एकाच नमुन्यावर विधीचा डोलारा उभारणे धोक्याचे, हा त्यांचा मुद्दा रास्त आहे. पण इतक्या हाडांत अवजार एकच आणि तेही इतके निवडक, ही गोष्टही झटकून टाकण्यासारखी नाही.

शिकवण, उपज की दगडाचा स्वभाव

एवढा काळ घाट टिकला कसा, हा कामाच्या प्रश्नाला लागून येणारा प्रश्न. जुने उत्तर परंपरेचे: पिढीने पिढीला शिकवले. २०१६ मध्ये रेमंड कॉर्बी आणि सहकाऱ्यांनी त्याला आव्हान दिले. पक्ष्याचे गाणे जसे काही अंशी उपजत असते, तशी हातकुऱ्हाड घडवण्याची प्रवृत्ती अंशतः जनुकांत असू शकते, असे त्यांचे म्हणणे. माणसांच्या शिकलेल्या गोष्टी पंधरा लाख वर्षे जवळजवळ न बदलता राहत नाहीत, हा त्यांचा मुख्य आधार.

उत्तरादाखल प्रादेशिक फरकांची यादी पुढे आली. भारतात आणि आफ्रिकेत हातकुऱ्हाडीबरोबर क्लीव्हर, म्हणजे सरळ आडव्या धारेचे अवजार, भरपूर मिळते, तर उत्तर युरोपात ते विरळ आहे. दगड हाताळण्याच्या रीतीही ठिकाणागणिक बदलतात. उपजत वर्तन इतके लवचीक असते का? टॉमस विन आणि जॉन गाउलेट यांनी २०१८ मध्ये तिसरा मार्ग मांडला. लांब धार हवी, तिच्यामागे आधार हवा, हातात वजन मागच्या बाजूला हवे आणि जाडी आटोक्यात हवी. हाताची रचना आणि दगड फुटण्याचे नियम एवढ्या गरजा एकत्र आणतात, तेव्हा घडवणारे वेगवेगळ्या वाटांनी त्याच घाटापाशी येऊन पोचतात. उपलब्ध पुराव्याशी सर्वांत चांगली जुळणारी मांडणी आज हीच वाटते, पण अतिरेकी सुबक नमुन्यांचे उत्तर तिच्याजवळही पूर्ण नाही.

शिकण्याच्या बाजूनेही भक्कम साक्ष आहे. डीट्रिच स्टाउट यांच्या मेंदूप्रतिमांच्या अभ्यासात साध्या छिलकेकामापेक्षा हातकुऱ्हाड घडवताना नियोजनाशी निगडित भाग अधिक गुंततात असे दिसले. आजच्या शिकाऊ माणसालाही चांगली हातकुऱ्हाड जमायला दीर्घ सराव लागतो.

एक अडचण मात्र सगळ्याच मतांना सारखीच भेडसावते. हॅलम मोव्हियस यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिले की पूर्व आशियात हातकुऱ्हाडी जवळजवळ मिळत नाहीत. दक्षिण चीनमधल्या बोसे खोऱ्यात सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या हातकुऱ्हाडींसारख्या अवजारांमुळे ती सीमारेषा पूर्वीइतकी ठाम राहिलेली नाही, तरी फरक आहेच. हे अवजार जगण्याला इतके आवश्यक होते, तर त्या विस्तीर्ण प्रदेशातली माणसे त्याच्याशिवाय प्राणी कापत होती आणि लाकूड तासत होती ती कशाने?

भारतीय दगड काय सांगतात

भारतात या अवजाराचा अभ्यास प्रामुख्याने थर, वय आणि घडण या अंगांनी झाला. ह. धी. सांकलिया यांनी नाशिकजवळ गंगापूर येथील अवजारांवर १९५२ मध्ये ग्रंथ लिहिला आणि महाराष्ट्राच्या नद्यांत पुराश्मयुग आहे, हे पक्के केले. अत्तिरमपक्कमला शांती पप्पू आणि कुमार अखिलेश यांच्या कामातून हातकुऱ्हाडींचे वय सुमारे १५ लाख वर्षे असल्याचे २०११ मध्ये पुढे आले. त्यामुळे भारताचे नाव या परंपरेच्या सुरुवातीच्या पानावर आले. तिथे मोठे छिलके बाहेरून आणून घडवले जात होते, हेही त्या कामातून दिसले.

कर्नाटकात हुणसगी खोऱ्यातल्या इसामपूर येथे डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या आणि सहकाऱ्यांनी उघड केलेली दगडाची खाण तर या प्रश्नासाठी फार मोलाची आहे. चुनखडीच्या फरशीसारख्या पाट्या तिथे जमिनीतच होत्या. घडवणाऱ्यांनी योग्य जाडीच्या पाट्या निवडल्या, ओबडधोबड आकार दिला आणि अवजारे तिथेच बनवली. पाटी पातळ असेल तर दोन्ही बाजूंनी पातळ करण्याचे काम निसर्गानेच अर्धे केलेले असते. कोणत्या वेळी घाट घडवणाऱ्याच्या मनात होता आणि कोणत्या वेळी तो दगडाने सुचवला, हे इसामपूरसारख्या ठिकाणी पायरी-पायरीने तपासता येते. संग्रहालयात सुट्या ठेवलेल्या सुंदर नमुन्यावरून ते कळत नाही.

वापराच्या खुणांचा प्रश्न मात्र इथे अधिक अवघड आहे. दख्खनच्या बेसाल्टचा पृष्ठभाग हवेने आणि पाण्याने खवतो. क्वार्टझाइट खरबरीत असल्याने त्याच्यावर झिलई चकमकीसारखी वाचता येत नाही. गेल्या काही वर्षांत क्वार्टझाइटसाठी वेगळे निकष बसवण्याचे काम अनेक ठिकाणी सुरू आहे. त्यात प्रयोगासाठी स्थानिक दगडच घ्यावा लागतो, कारण एका खोऱ्यातला क्वार्टझाइट दुसऱ्या खोऱ्यातल्यासारखा झिजत नाही.

यातून काम करण्याच्या पद्धतीही बदलत आहेत. पूर्वी अवजार मिळाले की ते घासून धुतले जाई, त्याच्यावर शाईने क्रमांक घातला जाई आणि इतर अवजारांसोबत ते पेटीत पडे. चरबीचे किंवा वनस्पतीचे अंश त्या धुण्यातच वाहून जात आणि पेटीतल्या घासाघाशीने धारेवर नवे ओरखडे उठत. आता काळजीपूर्वक होणाऱ्या उत्खननांत काही नमुने हातमोज्यांनी उचलून, चिकटलेल्या मातीसकट स्वतंत्र पिशवीत ठेवले जातात. सोबत त्याच थरातल्या मातीचा नमुनाही घेतला जातो, म्हणजे धारेवरचे कण कापलेल्या वस्तूचे आहेत की जमिनीतून चिकटलेले, हे पुढे प्रयोगशाळेत ताडून पाहता येते.